अण्णांचा कान

आटपाडीच्या बिरूची मोटारसायकल भिवघाटात जाम झाली, मागचं चाक जागच्या जागी धरलं गेलं आणि बिरू रस्त्यावर पडून त्याचं मनगट मोडलं. हे आमच्या गॅरेजातल्या अण्णांच्या ट्युनिंगमुळे झालं, असं सांगली-मिरज रस्त्यावरचे सगळे मेकॅनिक आजही मानतात. ते खरं नाही. ते माझ्यामुळे झालं. हे मी बायकोला सांगितलेलं नाही, भावाला सांगितलेलं नाही, आणि ज्यांना आधी सांगायला हवं होतं त्या अण्णांना तर नाहीच नाही. मी मुळात कमी बोलतो. लोकांना वाटतं, स्वभाव शांत आहे. शांत कसला? एक गोष्ट पोटात दाबून ठेवायची म्हटली की तिच्या आजूबाजूच्या गोष्टीही बोलता येत नाहीत, आणि हळूहळू माणूस गप्पच होतो.

पण अण्णांबद्दल लिहायला बसून नुसतं एवढंच लिहिलं, तर तो त्यांच्यावर आणखी एक अन्याय होईल. अण्णा म्हणजे मजा होती. त्यांच्याबरोबर काम करताना मी जेवढा हसलो तेवढा नंतर कुठे हसलेलो नाही.

अण्णा गाडीकडे पाठ करून उभे राहायचे. गिऱ्हाइकानं गाडी स्टँडला लावून किक मारली की आम्ही सगळे वाकून इंजिनकडे बघायचो. अण्णा मात्र वळून रस्त्यापलीकडच्या रसवंतीकडे तोंड करायचे, हात पाठीमागे बांधायचे आणि मान जराशी डावीकडे कलती ठेवायचे. पांढरा शर्ट, पांढरी टोपी, आणि गाडीला दाखवलेली पाठ. नव्या गिऱ्हाइकाला वाटायचं, म्हातारा रुसला. एखादा म्हणायचाच, “आवं अण्णा, गाडी इकडं हाय.”

“ठावं हाय,” अण्णा रसवंतीकडे बघतच म्हणायचे. “तिचं तोंड बघून काय करू? लगीन लावायचंय व्हय माझं तिच्यासंगं?”

सांगली, मिरज, तासगाव, इस्लामपूर, कऱ्हाड, पार साताऱ्यापर्यंतची पोरं आमच्याकडे यायची ती एका कामासाठी. कंपनीचा सायलेन्सर काढून बाजारातला, मोकळ्या नळीचा बसवला की गाडीचं गणित बिघडतं. धूर झटक्यात बाहेर पडतो, इंजिन हवा जास्त ओढतं, पण पेट्रोल मात्र पूर्वीइतकंच मिळतं. मग गाडी तापते, रेस सोडली की नळीतून फाट फाट फटाके वाजतात, आणि पोराला वाटतं, काय भारी आवाज आहे! अण्णा त्याला जवळ बोलवायचे. “हे फटाकं न्हवंत, लेकरा. उपाशी हाय ती. तू घराचं दार मोठं केलंस, वारं झकास यायला लागलं, पर ताटातली भाकरी तेवढीच ठिवलीस. मग ती वरडंल न्हाई तर काय करंल?”

ताटातली भाकरी वाढवायची म्हणजे कार्बोरेटर खोलून जेट बदलायचा. जेट म्हणजे पितळेचा करंगळीच्या नखाएवढा तुकडा, त्याला मधोमध केसासारखं बारीक भोक. पेट्रोल त्यातून इंजिनात जातं. त्याच्याहून किंचित मोठ्या भोकाचा जेट घालायचा, मग बाहेरचा स्क्रू फिरवत फिरवत हवेचा मेळ बसवायचा. स्क्रू मी फिरवायचो, हुकूम अण्णांचा. पाठमोरेच बोलायचे: “पाव आटा सोड. अजून. आरं सोड की. आता थोडी मागं घे. घे... बास!” ‘बास’ म्हटल्यावर माझा हात केसभर जरी हलला तरी ओरडायचे, “भोपळ्या!” अण्णा जैन घरातले, जिभेलाही अहिंसा. भोपळ्या ही त्यांची सगळ्यात मोठी शिवी होती, आणि ती माझ्यासाठी राखीव होती.

माणसांच्या बाबतीत मात्र सगळा आनंदीआनंद होता. चेहरा म्हणून त्यांच्या लक्षात राहायचा नाही. एकदा माधवनगरचे डॉक्टर आले. अण्णांच्या गुडघ्यावर याच डॉक्टरांनी इलाज केला होता. अण्णांनी त्यांना खालपासून वरपर्यंत बघितलं आणि विचारलं, “कोण म्हणायचं आपण?” डॉक्टर बिचारे अवघडले. मी कानाशी लागणार तेवढ्यात अण्णा म्हणाले, “ऱ्हाऊ द्या, गाडी चालू करा.” गाडी चालू झाली आणि अण्णांचा चेहरा उजळला. “आरं व्हय व्हय! डाक्टरसाहेब! या, बसा. गुडगा लय बरा हाय तुमच्यामुळं.” लग्नाकार्यात त्यांची फार पंचाईत व्हायची. तिथे सगळे पायी. काकू, म्हणजे त्यांची बायको, शेजारी उभ्या राहून हळूच सांगायच्या, “हे शिरोळचे भावजी. लाल गाडी. थंडीत लवकर चालू होत नाही ती.” मग अण्णा भावजींना कडकडून भेटायचे.

मी मूळचा लोणंदचा. साताऱ्याला एका कंपनीत फिटर होतो, ती बंद पडली. एका मित्राच्या ओळखीनं सांगलीत आलो तेव्हा वयाची चाळिशी जवळ आलेली. अण्णांच्या गॅरेजात भागीदारीनं राहिलो. जागा त्यांची, हत्यारं निम्मी माझी. त्यांनी माझं नाव कधी विचारलं नाही. ‘लोणंदकर’ म्हणायचे. माझी जुनी गाडी पहिल्यांदा ऐकून म्हणाले होते, “गाडीगत हाईस तूबी. आत लय हाय, भाईर कमी येतंय.” मला ते त्या वेळी कौतुक वाटलं होतं.

दिवस बुडायच्या आत जेवायचं, हा अण्णांचा नेम. तो कशासाठीही मोडायचा नाही. थंडीच्या दिवसांत तर चार वाजले की त्यांची नजर आभाळाकडे जायला लागायची. एकदा साताऱ्याहून एक जण रजा काढून आला. वाटेत पंक्चर झाल्यामुळे पोचला तेव्हा सूर्य उसाच्या शेंड्याला टेकलेला. अगदी गयावया करायला लागला. “अण्णा, दहा मिंटं द्या फक्त. उद्या ड्यूटी हाय माझी.”

“दहा मिंटं तू सूर्याला माग,” अण्णा म्हणाले. “त्यो देत आसंल तर माझी काय हरकत न्हाई.”

मग त्यांनी त्याला आपल्या गाडीवर मागे बसवलं आणि नांद्र्याला घरी घेऊन गेले. काकूंनी त्यालाही वाढलं. कांदा नाही, लसूण नाही, बटाटा नाही. तो गडी पुढं मला म्हणाला, “आमटीत काहीच नव्हतं हो, आणि तरी चार वाट्या प्यालो.” रात्री तिथेच झोपला, सकाळी गाडी नीट करून घेतली आणि ड्यूटीवर जाऊन साहेबाच्या शिव्या खाल्ल्या. त्यानंतर त्याची गाडी कधी बिघडायची नाही, तरी दर दिवाळीला तो यायचाच. अण्णा त्याला दरवेळी विचारायचे, “कोण म्हणायचं आपण?”

दुपारी आम्ही भडंग खायचो. दुकानदाराला कितीही सांगितलं तरी त्यात लसणाच्या तळलेल्या चकत्या यायच्याच. अण्णा एकेक चकती वेचून माझ्या कागदावर ठेवायचे. “घे. तुझ्या वाट्याचं पाप.” मी खायचो. शेवटी शेवटी मला शंका यायला लागली की लसूण घालू नको असं ते दुकानदाराला मुद्दामच सांगत नसावेत, कारण मला लसूण आवडतो हे त्यांना माहीत होतं.

बरेच दिवस उभ्या असलेल्या गाडीच्या नळीत कुंभारीण माशी मातीचं घर करते. अशी गाडी आली की अण्णा किक मारू द्यायचे नाहीत. आधी नळीच्या तोंडात बॅटरी मारून बघायचे. घर दिसलं की लाकडी पट्टीनं अलगद, भिंतीवरचा पापुद्रा काढावा तसं ते सोडवायचे आणि मागच्या कडुनिंबाच्या ढोलीत नेऊन ठेवायचे. एका पोराला घाई होती. “अण्णा, माशीच हाय की. रेस दिली की जाईल उडून.”

“तुझं घर असं रेस देऊन उडीवलं तर?”

“मी काय नळीत ऱ्हातोय व्हय?”

“भाड्यानं तर ऱ्हातोस न्हवं?” अण्णा म्हणाले, आणि काम होईपर्यंत त्यांनी त्यालाच बॅटरी धरायला उभं केलं. पोरगं भाड्याच्या खोलीत राहतं हे अण्णांना कसं कळलं, कोण जाणे.

एवढं असून मोठ्या आवाजाचा त्यांना तिटकारा होता. “आवाज जाड पायजे, मोठा न्हाई,” हे त्यांचं ठरलेलं. सायलेन्सरच्या आतली आवाज दाबणारी जाळी काढून मागणाऱ्याला ते सरळ हाकलून द्यायचे. एकदा पोलिसांनी जप्त केलेले कर्कश सायलेन्सर चौकात ओळीनं मांडून त्यांच्यावर रोड रोलर फिरवला. अण्णांनी दुकान बंद करायला लावलं आणि मला घेऊन बघायला गेले. पहिल्या रांगेत उभे राहून एकेक सायलेन्सर ओळखत होते. “ही जाळी काढल्याली. ह्यालाबी न्हाई. ही तर आपल्याकडनं हाकलल्याली, बघ, लोणंदकर.” रोलर जवळ आला तसे ते सवयीनं वळले, पाठ करून उभे राहिले आणि हवालदाराला म्हणाले, “साहेब, तुमच्या रोलरचं काय खरं न्हाई. खातोय जास्त, वढतोय कमी.”

रोलरवाला वरून खेकसला, “ओ आजोबा, डिझेल हाय ह्यो! तुमची फटफटी न्हवं!”

“डिझेल आसू दे की. प्वाट सगळ्यास्नी आसतंय.”

सायलेन्सर चेपताना बघायचं सोडून लोक अण्णांनाच हसले. दोन दिवसांनी तो रोलरवाला सुट्टीच्या दिवशी स्वतःची मोटारसायकल घेऊन आमच्या दारात हजर. “कोण म्हणायचं आपण?” अण्णांनी विचारलं.

त्यांचा एक नियम मात्र मस्करीतही मोडायचा नाही. ट्युनिंग झालं की गिऱ्हाइकाला गाडी चालवायला बसवायचं, आपण मागे बसायचं आणि मोकळ्या रस्त्यावर पूर्ण रेसमध्ये गाडी पळवायला लावायची. मग मध्येच पाठीवर थाप मारून ओरडायचे, “क्लच दाब! बंद कर!” गाडी तशीच सरपटत जाऊन थांबायची, आणि अण्णा तिथेच, भर उन्हात, रस्त्याच्या कडेला प्लग खोलायचे. इंजिनानं पळताना किती पेट्रोल खाल्लं ते प्लगच्या टोकाच्या रंगावर कळतं. पांढरा फटक असेल तर उपाशी. काळा असेल तर जास्त झालं. “भाकरीच्या पापुद्र्याला कसा तांबूस डाग येतोय? तसा पायजे.” रस्त्यानं जाणारी माणसं थांबून बघायची. एवढ्या वयाचा माणूस पांढऱ्या शर्टात रस्त्याकडेला उकिडवा बसून काहीतरी सूर्याला दाखवतोय!

“प्लग दारात बघायचा न्हाई,” हे त्यांनी मला किती वेळा सांगितलं असेल. गाडी दारात नुसती फुरफुरत उभी राहिली की प्लग काळा पडतोच. त्या रंगाला काही अर्थ नसतो. “दारातला प्लग खोटं बोलतोय, लोणंदकर. पळताना बघायचं.” मला हे पाठ होतं. झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगितलं असतं.

आता जे लिहायचं ते लिहितो. मधल्या काळात नव्या गाड्या आल्या. त्यांना कार्बोरेटर नाही, पेट्रोल किती सोडायचं ते आतलं यंत्र ठरवतं, आणि सायलेन्सर बदलला की लॅपटॉप लावून त्या यंत्राला नवा हिशेब शिकवायचा. ते काम मी पुण्याला जाऊन शिकलो. अण्णा कौतुकानं बघायचे. “हिला गुदगुल्या कुठनं करायच्या?” असं विचारायचे. पण गिऱ्हाईक आलं की अजून त्यांचंच नाव घ्यायचं. नव्या गाड्यांना लॅपटॉप मी लावायचो, आणि शेवटी त्यांचे मालकसुद्धा म्हणायचे, “अण्णा, एकदा ऐका की.” अण्णा पाठ करून ऐकायचे, मान हलवायचे, आणि पोरगं खूश होऊन जायचं. माझ्याकडे बघून कुणी खूश होत नव्हतं.

त्याच सुमाराला अण्णा दोन-दोनदा “काय?” म्हणायला लागले. मी हाक मारली तर कळायचं नाही. खरं बघता माणसांचं बोलणं त्यांनी आयुष्यात कधी लक्ष देऊन ऐकलं नव्हतं. पण मी मनाशी ठरवून टाकलं की अण्णांचा कान जातोय. आज स्वच्छ सांगतो, मला तो गेलेला हवा होता.

बिरू आला तो चैत्रातल्या एका सकाळी. आटपाडीकडचा मेंढपाळांच्या घरचा पोरगा. बाप अजून कळप घेऊन फिरायचा. बिरूनं घरी डाळिंब लावलेलं, आणि बाप जिथे मुक्कामाला असेल तिथे भाकरी-पाणी पोचवायचं काम त्याच्या गाडीवर. गाडी जुनी, कार्बोरेटरची. तिला हौसेनं नवा सायलेन्सर बसवलेला. अण्णांनी जेट मोठा घातला, रसवंतीकडे बघत बघत मला स्क्रू फिरवायला लावला, रस्त्यावर नेऊन गाडी पळवली, प्लग सूर्याला दाखवला. परत येऊन म्हणाले, “झ्याक. आता वेशीवरनं तुझी मेंढरं वळखतील.” आणि लवकर घरी गेले, कारण काकूंचा मोठा उपास त्या दिवशी सुटणार होता.

बिरू मिसळ खायला गेला आणि आल्यावर सहज म्हणाला, “दादा, मोठा जेट म्हंजे पेट्रोल लय खाईल काय वं? रोजची वारी हाय माझी मेंढरांकडं.”

मी गाडी चालू केली. दारातच फुरफुरत ठेवली. मग बंद करून प्लग काढला. काळा. मला आनंद झाला. हे लिहिताना हात जड होतोय, पण झाला. वाटलं, बघा, गेला कान. दिलं जास्तीचं पेट्रोल. मी अण्णांचा जेट काढला आणि कंपनीचा जुना, बारीक भोकाचा परत बसवला. गाडी रस्त्यावर नेऊन बघितली नाही. बिरूला म्हणालो, “आता मायलेज चांगलं देईल.” तो हात जोडून “लय उपकार झालं, दादा” म्हणाला. मागे पेंडीचं पोतं बांधून तो निघाला, भर उन्हात, आणि आटपाडीकडच्या मोकळ्या रस्त्याला त्यानं ती पळवली असणार. उपाशी इंजिन तापत गेलं आणि घाट चढताना पिस्टन आतच अडकून बसला.

दुपारी अण्णांच्या फोनवर निरोप आला. अण्णा तसेच एसटी धरून आटपाडीला दवाखान्यात गेले. संध्याकाळच्या आत बिरूचा बाप टेम्पोत गाडी घालून आमच्या दारात. घोंगडी खांद्यावर, तोंडावर राग नाही. “आमी मेंढरामागची मानसं, आमास्नी ह्यातलं काय कळत न्हाई,” तो म्हणाला. “पोरगं वाचलं. गाडी तेवढी बघा.” तो गेल्यावर मी कार्बोरेटर खोलला. आत माझा जेट. तो मी काढून खिशात घातला आणि अण्णांचा जेट पुसून जागेवर बसवला.

दुसऱ्या दिवशी अण्णा आले. बसले नाहीत. “जेट कुठला हाय आत?”

“तुम्ही घातलेलाच.”

“बघू.”

मी खोलून दिला. त्यांनी त्यावरचा नंबर उजेडात धरून वाचला. मग म्हणाले, “नंबर बरोबर हाय. म्हंजे ह्याच्या वरचा पायजे व्हता. तिनं सांगितलं आसंल मला. मलाच आयकू आलं न्हाई.”

“वय झालं, अण्णा,” मी म्हणालो. एवढं तरी बोलायला नको होतं.

इंजिन त्यांनी स्वतः बांधून दिलं आणि बिरूच्या बापाचे दोन्ही हात धरून म्हणाले, “माझ्या कानामुळं झालं, बाबा.” आजूबाजूच्या मेकॅनिकांसमोर, मोठ्यानं. पुढच्या आठवड्यात कुणाची तरी गाडी आली. किक बसली. मी स्क्रूड्रायव्हर घेऊन वाट बघत होतो. अण्णा वळले नाहीत. आमच्यासारखेच इंजिनकडे बघत राहिले आणि म्हणाले, “लोणंदकर, तू बघ.” संपलं ते तिथे.

काकूंनी त्यांना मिरजेला कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, वयाच्या मानानं कान उत्तम आहेत. अण्णा बाहेर येऊन काकूंना म्हणाले, “भला मानूस हाय. तोंडावर सांगवंना त्याला.”

त्यानंतरही शनिवारी ते दुकानात यायचे. बाकावर बसून भडंग खायचे, लसूण माझ्या कागदावर ठेवायचे, येणाऱ्याला “कोण म्हणायचं आपण?” विचारून हसवायचे. त्यांच्यातली गंमत काही गेली नाही. फक्त एखादी गाडी चालू झाली की ते तिच्याऐवजी माझ्या तोंडाकडे बघायचे आणि हळू आवाजात विचारायचे, “बरी वाटती का रं?” मी मान हलवायचो. आपल्यापेक्षा कमी कळणाऱ्याकडे त्यांनी असं बघावं, हे मला सहन व्हायचं नाही. तरीही सांगितलं मात्र नाही. आज सांगू, पुढच्या शनिवारी सांगू, असं करत राहिलो, आणि दोन वर्षांपूर्वी एका पहाटे अण्णा झोपेतच गेले. त्यांना पोचवायला नांद्र्यात आलेल्या गाड्यांची रांग पार डांबरी रस्त्यापर्यंत होती. काकू दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, “आज सगळ्यांना ओळखलं असतं यांनी.”

गेल्या महिन्यात बिरू आला. नवी गाडी, लॅपटॉपवाली, नवा सायलेन्सर. मनगट आता धड आहे, थंडीत जरा दुखतं म्हणाला. काम होईपर्यंत बाकावर बसून गप्पा मारत होता. “अण्णा लय चांगला मानूस, दादा. कानानं दगा दिला म्हातारपणी, त्येला कोण काय करणार? तुमच्या हातनं झाली आसती गाडी तर माझं हाड वाचलं आसतं,” असं म्हणून हसला. बाजूचे दोघे-तिघेही हसले. मीही हसलो. त्या रात्री मला झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी मी नांद्र्याला गेलो. काकूंनी नेहमीसारखं दिवस बुडायच्या आत वाढलं. बोलता बोलता म्हणाल्या, “शेवटी शेवटी रस्त्यानं गाडी गेली ना, की उठून आतल्या खोलीत जायचे. म्हणायचे, ती काहीतरी सांगत असंल आणि मला कळायचं न्हाई. ते नको वाटतंय.” मी आमटीची वाटी तोंडाला लावली, म्हणजे बोलावं लागणार नाही. निघताना त्यांनी फाटकापर्यंत येऊन विचारलं, “काही सांगायचं होतं का तुला? तसा चेहरा होता.” मी “नाही, सहज आलो होतो” म्हणालो आणि गाडीला किक मारली.

कागदावर लिहिणं त्या मानानं सोपं गेलं. माणसाच्या समोर उभं राहून बोलायचं अजून बाकी आहे. आधी नांद्र्याला काकूंकडे, मग आटपाडीला बिरूकडे आणि त्याच्या बापाकडे, आणि मग आमच्या रस्त्यावर, जिथे अण्णांनी हात धरून माफी मागितली त्याच जागी, त्याच मेकॅनिकांसमोर. त्या दिवशी अण्णांनी बरोबर ऐकलं होतं. जेट मी बदलला, आणि तो मी लपवला. एवढं बोलणं मी त्यांचं देणं लागतो. अजून दिलेलं नाही.